म्हशीला तीनदा विचारलं

४ जानेवारी, रविवार

भैयाजींनी म्हशीवर दिवा लावला. खरंच लावला!

शेजारच्या सुमित्राबाईंची म्हैस. नाव कोकिळा. रंगावरून ठेवलं असेल. गळ्यावरून नक्की नाही. दुपारी ती गोठ्यात बसून रवंथ करते. तिच्या जबड्याखाली भैयाजींनी माझ्या जुन्या स्वेटरचा पट्टा बांधला. पट्ट्याला दोरी, दोरीला सायकलचं जुनं डायनामो, डायनामोला करंगळीएवढा दिवा. ती एकदा चघळली की दोरी ओढली जाते, चाक फिरतं, दिवा लुकलुकतो. ती थांबली की विझतो.

"आठ तास चघळते हे, कांता! आठ तास! सारी वीज हवेत चालली!"

नवरा माझा, पण सगळी नालवाडी त्यांना भैयाजी म्हणते म्हणून मीही तेच म्हणते. बत्तीस वर्षं विजेच्या खांबांवर चढले. दीड वर्षापूर्वी निवृत्त झाले. तेव्हापासून फाटकाजवळच्या खुर्चीत बसून येणाऱ्या-जाणाऱ्याला विचारतात, "लाईट आहे काय तुमच्याकडे?" उत्तर ऐकतात आणि पुन्हा गप्प. दीड वर्षात मी त्यांना हसताना पाहिलं ते बोटांवर मोजावं इतक्या वेळा.

आज ती खुर्ची दिवसभर रिकामी होती. दिवा एवढासा. पण खुर्ची रिकामी!

यंत्राचं नावही ठरलं — रवंथदीप. मी अठ्ठावीस वर्षं वर्तमानपत्रात मथळे दिले. मला याहून बरं सुचलं नसतं. त्यांना सांगितलं नाही. फुगतील.

६ जानेवारी, मंगळवार

जागृतीचा फोन. आमची लेक नागपूरला औषधांच्या प्रयोगशाळेत आहे — तिथे पांढऱ्या उंदरांवर चाचण्या होतात. तिने बातमी दिली. एक फेब्रुवारीला वर्ध्यात ग्रामीण संशोधकांचं प्रदर्शन आहे. रवंथदीप पाठवाच म्हणाली.

भैयाजींनी अर्ज माझ्याकडून तीनदा वाचून घेतला. रकाना नववा — प्रयोगात प्राणी असल्यास नैतिकता समितीचं प्रमाणपत्र जोडावं. अखेरची तारीख सत्तावीस.

"हे समिती कुठं भेटते व?"

जागृती म्हणाली, "बाबा, तुमची तुम्हीच बनवा. चार शहाणी माणसं बसवायची फक्त."

"नालवाडीत? चार?" भैयाजी चिंतेत पडले.

मी तिला विचारलं, तुमच्याकडे उंदरांना कोणी विचारतं का गं? "विचारत नाही, आई. फॉर्म भरतो." मग हळूच — "मी संध्याकाळी पिंजरा लावताना सॉरी म्हणते. कोणाला सांगू नको."

सांगत नाही. लिहिते आहे फक्त.

७ जानेवारी, बुधवार

समिती बनली. बैठकही झाली. विहाराच्या टिनाच्या शेडमध्ये, संध्याकाळी पाचला.

अध्यक्ष नत्थूजी. आमच्या विहाराचे सगळ्यात जुने उपासक. हिंगणघाटच्या मिलमध्ये जन्म गेला, युनियन चालवली, अजूनही उभं राहिल्याशिवाय बोलता येत नाही. सुमित्राबाई म्हशीच्या पालक म्हणून. त्या काही विहारातल्या नाहीत, पण म्हशीच्या बाजूने कोणीतरी हवं. चौथी जागा विहारातल्या भिक्खूंची, भन्तेजींची; ते शुक्रवारी येणार. आणि मी सचिव. कारण मला लिहिता येतं. आयुष्यभर याच कारणाने अडकत आले!

नत्थूजी उभे राहिले. "आपल्याले सरकारी नियम माहीत नाई. आपल्याले पंचशील माहीत आहे. एक एक शील घ्या अन् म्हशीले लावून पाहा."

पहिलं शील — जीवाला इजा नको. पट्टा टोचतो का? सुमित्राबाई म्हणाल्या, "स्वेटरचा आहे तो! मले नाई कोणी स्वेटर बांधलं कधी." मंजूर. पण नत्थूजींनी मध्येच काढलं — तुम्ही रोज तिचे गोचीड काढून मारता, त्याचं काय?

"मंग काय करू? तुमच्या अंगावर सोडू काय?"

गोचिडाचा विषय स्थगित.

दुसरं शील — न दिलेलं घेऊ नये. इथे बैठक अडली.

"भैयाजी, वीज कोणाच्या जबड्याची?"

"कोकिळेच्या."

"तिनं देली?"

"देली म्हंजे... मी घेतली."

"हेच!" नत्थूजींनी टेबलावर थाप मारली. "न देता घेतली. याले काय म्हंतात?"

नेमका तेव्हाच चहा आला. सुमित्राबाईंच्या घरून. दुधाचा. कोकिळेच्या दुधाचा. सगळ्यांनी आपापल्या कपाकडे पाहिलं. कोणी उचलेना. विहार झाल्यापासूनचा इथला सगळा चहा एका क्षणात चोरीचा ठरायच्या बेतात आला होता!

सुमित्राबाईंनी वाचवलं. "दुधाच्या बदल्यात मी तिले ढेप देतो, सरकी देतो, नाल्यावर नेऊन घासतो. माह्या पोरीले नाई केलं येवढं. दूध फुकटचं नाई, सांगून ठेवतो."

नत्थूजींनी विचार केला. "बराबर आहे. मेहनतीले मजुरी भेटली तं ते चोरी नाई." मग एक घोट घेऊन, "पन विजेचे तिले काय भेटते?"

"ते मागन ते देईन," भैयाजी म्हणाले.

"म्हैस मागते काय, बाप्पा?"

तिसऱ्या, व्यभिचार न करण्याच्या शीलाचा म्हशीशी संबंध नाही असं ठरलं. नोंद करू नये, असंही ठरलं.

चौथं खोटं न बोलण्याचं. प्रमाणपत्रात खोटं नको. सगळे माझ्याकडे का बघत होते कळलं नाही. पाचव्यावर उद्या-परवा. नत्थूजींच्या गालात तंबाखूचा खर्रा होता, त्यांना थुंकायची घाई होती.

९ जानेवारी, शुक्रवार

भन्तेजींनी वाट काढली. आणि काय वाट!

सगळं ऐकून घेतलं. हसू दाबलं असावं, पण चेहऱ्यावर दिसलं नाही. म्हणाले, "संघात ठराव कसा होतो? तीनदा विचारतात. ज्याला आक्षेप आहे तो बोलतो. तिसऱ्यांदा विचारूनही सगळे मौन राहिले तर संमती."

"मंग म्हशीले तीनदा विचारायचं?" सुमित्राबाई.

"विचारायला काय हरकत आहे?"

"पाली भाषेत?" भैयाजी.

"तिले वऱ्हाडीच समजते," सुमित्राबाई म्हणाल्या. "अन् ते बी मी बोलली तं."

मला वाटलं भैयाजी चिडतील. अर्ज, समिती, आता म्हशीची मुलाखत! पण ते एकदम सरळ बसले. म्हणाले, "हे बराबर आहे. लाईन चालू करायच्या आधी विचाराच लागते."

मी खाली बघितलं. कैलासची आठवण झाली होती त्यांना. त्यांचा खांबावरचा जोडीदार, कैलास. सोळा वर्षं झाली त्याला जाऊन. तो खांबावर होता आणि खालून कोणी तरी एकदाच विचारलं, "लाईनवर कोणी आहे काय?" वारा होता. उत्तर ऐकू आलं नाही. लाईन चालू केली. भैयाजी त्या दिवशी सुट्टीवर होते, लग्नाला गेले होते. तेव्हापासून ते तीनदा विचारायचे. गॅस पेटवतानासुद्धा विचारतात.

समितीचे नियम: कोकिळेला तीन संधी — अठरा, एकवीस आणि पंचवीस तारखेला, संध्याकाळी सहा वाजता. विचारताना चारा, ढेप, कुठलंच प्रलोभन दाखवायचं नाही. नत्थूजींची अट. "मिलमध्ये आम्हाले बोनस दाखवून सह्या घेतल्या होत्या. मले माहीत आहे."

१२ जानेवारी, सोमवार

मानवी चाचणी. भन्तेजी म्हणाले होते, जे दुसऱ्याला करायचं ते आधी स्वतःला करून पाहावं. भैयाजींनी पट्टा स्वतःला बांधून फुटाणे खाल्ले. दिवा लागला, पण दुसऱ्या मुठीलाच दातात दाणा अडकला.

मग नत्थूजींना बांधला. फुटाण्यांची गरज नव्हती. गालात खर्रा तयार होता. अहाहा! दिवा असा लागला की सुमित्राबाईंनी डोळ्यांवर हात धरला. सलग अकरा मिनिटं. कोकिळेचाही इतका स्थिर लागला नव्हता.

"म्हशीले कायले त्रास देता?" सुमित्राबाई म्हणाल्या. "नत्थूजींनाच ठेवा प्रदर्शनात."

नत्थूजी खूश. तेवढ्यात त्यांच्या लक्षात आलं की खर्रा म्हणजे तंबाखू, आणि राहिलेलं पाचवं शील नशेचं. समितीचा अध्यक्ष नशेवर वीज बनवतो आहे! पट्टा ओढून काढला. थुंकले. संध्याकाळी, खर्रा कायमचा सोडला असं जाहीर केलं.

दोन दिवसांपासून रोज सकाळी सातला कोकिळेसमोर भैयाजींचा सराव चाललाय. मी गच्चीवरून ऐकते. "कोकिळा, तुह्या जबड्याची वीज घेऊ काय?" थांबतात. पुन्हा तेच. पुन्हा थांबतात. चेहरा उजळलेला घेऊन घरी येतात. "गप्प होती, कांता! तिन्ही वेळा गप्प!"

१५ जानेवारी, गुरुवार

गुळाचा डबा निम्मा!

संक्रांतीसाठी सुमित्राबाईंच्या भावाने गेल्या आठवड्यात दिलेली भेली. काळा, चांगला, सेंद्रिय गूळ. मी तिळाचे लाडू केले, पण एवढा लागला नाही. भैयाजींना शुगर आहे. मी तोंडावर विचारलं.

"मी नाई खाल्ला."

"मग कोणी खाल्ला?"

"मी नाई खाल्ला, येवढंच सांगतो."

पत्रकाराला असं उत्तर मिळालं की तो दुसऱ्या दिवशी पहिल्या पानावर छापतो. मी फक्त डबा वरच्या फळीवर ठेवला.

१८ जानेवारी, रविवार

पहिली संधी. गोठ्यात चार खुर्च्या. भन्तेजी, नत्थूजी, सुमित्राबाई, मी. चारा बाजूला, ढेपेचं टोपलं झाकलेलं. भैयाजींनी पांढरा सदरा घातला होता. पट्टा बांधलेला नाही, हातात धरलेला.

"कोकिळा, तुह्या जबड्याची वीज घेऊ काय?"

गप्प. रवंथ चालू.

"कोकिळा, तुह्या जबड्याची वीज घेऊ काय?"

गप्प. नत्थूजींनी मान हलवली.

"कोकिळा, तुह्या जबड्याची वीज घेऊ काय?"

वाक्य पूर्ण झालं. एक श्वास गेला. आणि ती रेकली! मान वर, तोंड वासून, टिनाचं छप्पर थरथरलं. भन्तेजींचं चीवर उडालं असं सुमित्राबाई म्हणतात. मला तसं दिसलं नाही, म्हणून नोंदीत लिहिलं नाही.

"आक्षेप," नत्थूजी म्हणाले.

भैयाजी पट्टा हातात घेऊन उभेच. "सकाळी तं गप्प होती..."

"सकाळी समिती नव्हती. समितीसमोर जीव खरं बोलते."

२० जानेवारी, मंगळवार

सकाळी तिन्ही वेळा गप्प. भैयाजी वेडे व्हायची पाळी. डब्यातला गूळ कमी होत चाललाय, डबा वरच्या फळीवर असूनसुद्धा.

२१ जानेवारी, बुधवार

दुसरी संधी. भैयाजींना वाटलं, ती बाईचं ऐकते, म्हणून सुमित्राबाईंनी विचारावं. सुमित्राबाईंनी विचारलं, डोक्यावर पदर घेऊन, पाहुण्यांना विचारावं तसं. "काय वं कोकिळा, देतं काय बाई हे वीज?"

पहिल्यांदा गप्प. दुसऱ्यांदा गप्प, भैयाजींकडे बघत होती. तिसऱ्यांदा असं ओरडली की रस्त्यावरून जाणाऱ्या दोन मोटारसायकली थांबल्या. आणि ओरडून थांबली नाही. भैयाजींच्या सदऱ्याला नाक घासलं, ढुसणी दिली.

"रागावली आहे," नत्थूजींनी निर्णय दिला. "ज्यानं हे सारं चालवलं त्यालेच ढुसणी देली, पाहा."

सुमित्राबाई आता भैयाजींवर चिडल्या. "तुमीच काई केलं असन. माही म्हैस अशी नाई."

घरी आल्यावर ते फाटकाजवळच्या खुर्चीत बसले. कोणी तरी रस्त्याने गेलं. त्यांनी लाईटबद्दल विचारलं नाही. मीच दुसरीकडे पाहिलं.

२४ जानेवारी, शनिवार

जागृतीला फोन केला. म्हटलं, प्राणी नाही म्हणाला तर तुमच्याकडे काय करतात?

"आमच्याकडे नाही म्हणायची सोयच नाही ना, आई." मग म्हणाली, "बाबांनी असं विचारलं, हे मी लॅबमध्ये सांगितलं. सगळे हसले. नंतर जेवताना कोणी बोललं नाही."

भैयाजींनी रवंथदीप पुसून पेटीत ठेवला. उद्या शेवटची संधी. "नाई म्हणली तं नाई," म्हणतात. दोनदा म्हणाले. तिसऱ्यांदा म्हणायच्या ऐवजी पेटी उघडून दिवा पुन्हा पुसला.

२५ जानेवारी, रविवार

हे फक्त इथे लिहिते.

पावणेसहाला सगळे बाहेर चपला काढत होते तेव्हा मी गोठ्यात गेले. पदराखाली गुळाचा खडा, मुठीएवढा. कोकिळेच्या तोंडात घातला. तोंड भरलेलं असलं की ओरडता येत नाही. माणसांचंही तसंच. अठ्ठावीस वर्षांत मी एकही बातमी पेरली नाही. आज म्हैस पेरली.

भैयाजींनी विचारलं. एकदा. दोनदा. तीनदा. कोकिळा डोळे मिटून चघळत होती. तिच्या ओठाच्या कोपऱ्यातून काळी धार येत होती. ती लाळ आहे असं मी मोठ्याने म्हटलं. कोणी विचारलं नव्हतं!

"साधु! साधु! साधु!"

सुमित्राबाईंनीही म्हटलं, सवय नसताना. भैयाजींनी डोळे पुसले, मग म्हशीचे पुसले. नत्थूजींनी हातात हात घेतला. "देली बुवा. खुशीनं देली." मी प्रमाणपत्र लिहिलं — म्हशीला रीतसर तीनदा विचारण्यात आले, तिने मौन राहून संमती दिली. शुद्धलेखन निर्दोष. बाकी सगळं दोषी.

चौथ्या शीलाच्या वेळी सगळे माझ्याकडे बघत होते ते उगाच नव्हतं.

२७ जानेवारी, मंगळवार

अर्ज गेला. भैयाजी सकाळपासून गुणगुणत आहेत. त्यांना सांगायला गेले आणि "चहा घेता का" विचारून परत आले.

१ फेब्रुवारी, रविवार

कसं लिहू? क्रमाने लिहिते.

कोकिळेला छोट्या टेम्पोतून वर्ध्याला नेलं. सुमित्राबाई मागे तिच्याजवळ उभ्या, मी पुढे, नत्थूजी पेटी मांडीवर घेऊन. त्यांच्या गालात लवंग. खर्रा सोडल्याचा विसावा दिवस. प्रदर्शनाच्या मैदानात बायोगॅसचे तीन, सौरचुलीचे पाच, पऱ्हाट्यांच्या, म्हणजे कपाशीच्या काड्या दाबून केलेल्या, जळणाच्या विटांचे दोन. म्हैस एकच. गर्दी आमच्याकडे. लोक मोबाईल घेऊन उभे. कोकिळेने शेजारच्या स्टॉलच्या विटांमधली एक खाल्ली. त्यांनी तक्रार केली नाही. वीट पचते याची ती जाहिरात झाली.

परीक्षक तिघे. त्यातल्या एक बाई पशुवैद्य. प्रमाणपत्र वाचलं, चष्मा काढला, पुन्हा वाचलं. मी मनात म्हटलं, आता हसतील. हसल्या नाहीत.

"तुम्ही हिला विचारलं?"

"तीनदा," भैयाजी म्हणाले. छाती एवढी. "लाईन चालू करायच्या आधी विचाराच लागते, मॅडम."

"मला पाहायचंय. विचाराल?"

माझ्याकडे गूळ नव्हता. असता तरी — नाही, असता तर दिला असता. लिहायला हरकत नाही.

पहिल्यांदा विचारलं. शांत. दुसऱ्यांदा. मैदान शांत, मागच्या स्टॉलवरचा भोंगासुद्धा कोणी बंद केला. भैयाजींच्या हातात पट्टा, पेटीत दिवा तयार. तिसऱ्यांदा विचारलं.

ती रेकली. माझ्या आयुष्यात ऐकलेलं सगळ्यात मोठं. लोक आधी दचकले, मग हसले. टाळ्यासुद्धा! नत्थूजींनी मान खाली घातली.

भैयाजी हसले नाहीत. त्यांनी पट्टा हळूच दुमडला. पेटीत ठेवला. पेटी लावली.

"काय झालं?" एक परीक्षक म्हणाले. "लावा ना. एक मिनिट दिवा पाहू, मार्क देतो."

"नाई म्हणून राह्यली, साहेब."

"अहो म्हैस आहे ती!"

"खांबावरून आवाज आला तं तो कोनाचा आहे हे पाहाचं नसते. आवाज आला म्हंजे लाईनवर कोनी तरी आहे." पेटी उचलून, "लाईन चालू नाई करायची."

पशुवैद्य बाईंनी काही तरी लिहून घेतलं. बक्षीस सौरचुलीला मिळालं. परतताना टेम्पोत कोणी बोललं नाही, एक कोकिळा सोडून.

आणि मी प्रमाणपत्रात खोटं लिहिलं, हे त्या माणसाला अजून माहीत नाही.

२ फेब्रुवारी, सोमवार

खुर्ची भरलेली. दिवसभर.

३ फेब्रुवारी, मंगळवार

सांगून टाकलं. सकाळी, चहा ठेवून, एका दमात. पंचवीसला मी तिच्या तोंडात गूळ घातला. म्हणून ती गप्प होती. मौन नव्हतं ते, गूळ होता.

भैयाजी चिडले नाहीत. कपातला चहा बशीत ओतला. मग म्हणाले, "येवढा मोठा खडा द्याचा नसते. मी लहान देत होतो."

"तुम्ही?"

"रोज सकाळी. सरावाले. तिसऱ्यांदा विचारलं की एक खडा. बिचारी ऐकून घेते म्हून." आणि कसंनुसं होऊन, "तुले सांगितलं असतं तं तू नोंदीत लिहिलं असतं."

मग माझ्या डोक्यात उजेड पडला. तिसरा प्रश्न झाला की गूळ येतो, हे तिला पाठ. सकाळी यायचा, म्हणून गप्प. समितीपुढे यायचा नाही!

तसेच नत्थूजींकडे गेलो. त्यांनी सगळं ऐकलं, लवंग गालातून गालात केली आणि उठून उभे राहिले.

"मंग ते नाई म्हणत नव्हती, वहिनी! ते मजुरी मागत होती."